काठावरचा पाइप

शेततळ्याच्या अनुदानाची फाइल कधी अपुरी नसते. सातबारा, आठ-अ, मोजमाप, जिओ टॅगिंग, काठावर उभ्या लाभार्थ्याचा फोटो. तळे भरले हे फोटोत दिसते. ते कशाने भरले, हे विचारायचे तेवढे राहून जाते. खरे तर उत्तरही त्याच फोटोत असते. बांधावरून आत सोडलेला काळा पाइप. त्याचे दुसरे टोक विहिरीवर, नाहीतर बोअरवर.

शेततळे म्हणजे उतारावरून वाहून जाणारे पावसाचे पाणी अडवण्याची जागा. 2016 मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ आले ते याच आधारावर. पण द्राक्ष-डाळिंबाच्या पट्ट्यात जाऊन तळी पाहावीत. अनेकांना चारही बाजूंनी उंच बांध. वाहत्या पाण्याने आत शिरायचे म्हटले तरी वाट नाही. तळाला 500 मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद. या कागदाला पुन्हा वेगळे अनुदान.

आता हिशेब. 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद तळ्याचे पाणी 900 चौरस मीटर ऊन खाते. एप्रिल-मेमध्ये दिवसाला 8 मिलिमीटर पाणी उडते असे धरू. कोरडवाहू पट्ट्यासाठी हा आकडा हात राखूनच आहे. म्हणजे काठोकाठ भरलेल्या तळ्यातून रोज 7200 लिटर पाण्याची वाफ. दोन दिवसांत बारा हजार लिटरच्या टँकरहून जास्त. एका तळ्यातून. आणि टँकर त्याच तालुक्यात फिरत असतात.

समुद्रावरून आलेले ढग चार महिने बरसतात. त्यातले थोडेच पाणी मुरुमात आणि झिजलेल्या खडकात उतरते. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्टवर वसलेला. त्याच्या पोटात जागा कमी. पण जे उतरते ते उन्हाच्या हाती लागत नाही. नेमके तेच पाणी आपण वीज जाळून वर आणतो आणि उन्हात ठेवतो. वर उडायला ते मोकळे. खाली परतायला प्लॅस्टिकची आडकाठी. मे महिन्यात उडालेली वाफ वारा नेईल तिकडे जाते. त्याच शिवारावर पाऊस होऊन पडायला ती बांधील नाही.

यात शेतकऱ्याला वेड्यात काढण्याचे कारण नाही. त्याचा हिशेब चोख आहे. पाणी विहिरीत राहू दिले तर शेजारचा बोअर ते ओढणार. तळ्यात आणले की ते त्याचे. चार आणे उडाले तरी बारा आणे हाती राहतात. 2012-13 च्या दुष्काळात जालन्याच्या मोसंबीच्या बागा वाळताना ज्याने पाहिल्या, त्याला उपशाचे व्याख्यान कोण देणार? ज्याच्याकडे खोल बोअर आणि तळ्यापुरती जागा आहे, तो तरतो. ज्याची विहीर चाळीस फुटांवर थांबली, तिच्यातले पाणी शेजारच्या तळ्यात चकाकते.

प्रश्न सरकारला आहे. भूजल उपशाला लगाम घालायचा म्हणून राज्याने 2009 चा भूजल कायदा केला. एक खाते उपसा कमी करा म्हणते. दुसरे खाते उपसलेले पाणी साठवायला कागदाचे पैसे देते. दोन्हींच्या अहवालांत शब्द एकच, जलसंधारण. सर्वांच्या जमिनीखालचे पाणी एकाच्या तळ्यात गेले, वाटेत काही आभाळात गेले, यात संधारण कशाचे झाले हे कुणीतरी सांगायला हवे.

शेततळी बंद करा, असे कुणी म्हणत नाही. पावसाळ्यात ओढ्याचे, उताराचे पाणी घेणारे तळे हवेच. अस्तराचे अनुदान मात्र तेवढ्याच तळ्यांना द्यावे. आणि मोजमापाच्या कागदावर एक रकाना वाढवावा: पाइपाचे दुसरे टोक कुठे आहे? तो भरायला पाहणीस आलेल्या सहायक कृषी अधिकाऱ्याला बांधावरून खाली उतरून थोडे चालावे लागेल, इतकेच.