शेतकऱ्याच्या खर्चाचा निर्देशांक कुठे आहे?

कांदा महागला की महागाईचा आकडा दुसऱ्या दिवशी देशभर गाजतो. औषध, बियाणे, मजुरी महागली की तो गाजत का नाही? कारण शेतकऱ्याच्या खिशातून गेलेला पैसा दर महिन्याला मोजायची सोयच आपण केलेली नाही.

१. घाऊक किंमत निर्देशांकात डिझेल, खते, कीटकनाशके आहेत, हे खरे. पण २०११-१२ या पायाभूत वर्षाच्या मालिकेतून अप्रत्यक्ष कर वगळलेले आहेत. रासायनिक कीटकनाशकावरचा १८ टक्के जीएसटी, डिझेलवरचा व्हॅट त्यात दिसत नाही. कारखानदार भरलेला जीएसटी वळता करून घेतो. कापूस उत्पादकाने तो कोणाकडून घ्यायचा? कर तो भरतो, निर्देशांकाला त्याचा पत्ताही नसतो.

२. शेतमजुरांचा ग्राहक किंमत निर्देशांक मजुराचा घरखर्च मोजतो, शेतीचा नव्हे. (त्याचा पाया २०२५ पर्यंत १९८६-८७ हाच होता!) शेतीच्या खर्चाचा पुरावा म्हणून तो कोणी पुढे केला तर मान्य करू नका.

३. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना. कागदावर हा दर ढिम्म हलत नाही. ऐन हंगामात दुकानात काय ऐकू येते? "युरिया आहे, पण सोबत विद्राव्य खत घ्यावं लागेल." गावोगाव याला लिंकिंग म्हणतात. पावती युरियाची छापील किमतीचीच मिळते आणि नको असलेल्या पिशवीचे पैसे वेगळे मोजावे लागतात. बियाण्याचेही तेच. बीजी-२ कापसाच्या पाकिटाची २०२५-२६ ची कमाल किंमत ९०१ रुपये. पण मागणीचे वाण टंचाईत कितीला पडते, हे वऱ्हाडात कोणालाही विचारा. छापील किमतींवर बेतलेला निर्देशांक काळ्या बाजाराला झाकतो.

४. हे दुखणे थेट हमीभावापर्यंत पोचते. कृषी खर्च व मूल्य आयोगाकडे प्रत्यक्ष सर्वेक्षणाची आकडेवारी असते ती मागील वर्षांची. चालू हंगामाचा खर्च निविष्ठांच्या किंमत निर्देशांकाच्या आधारे पुढे ओढला जातो. मध्यम धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा खर्च क्विंटलला ५१४० रुपये धरला, त्याची दीडपट ७७१० हा हमीभाव. त्या खर्चात स्वतःच्या जमिनीचा खंड नाही, स्वतःच्या स्थिर भांडवलाचे व्याज नाही. शिवाय ही देशाची सरासरी, म्हणजे गुजरातचा ओलिताचा आणि यवतमाळचा कोरडवाहू कापूस एकाच तागडीत. वेचणीला किलोमागे दहा रुपये धरले तरी क्विंटलला १००० रुपये तिथेच जातात. मोजमाप चुकले तर दीडपट कशाची?

५. अमेरिकेचे कृषी खाते शेतकऱ्याने मोजलेल्या किमतींचा निर्देशांक नियमित प्रसिद्ध करते, मजुरी आणि खंडासकट. महाराष्ट्राकडे चार कृषी विद्यापीठे आहेत, तालुक्यागणिक कृषी अधिकारी आहेत. करांसह, प्रत्यक्ष मोजलेल्या दरांचा जिल्हावार मासिक निर्देशांक काढायला आणखी काय हवे? यंदाच्या खरीप आढावा बैठकीआधी आपल्या आमदाराला, पालकमंत्र्याला हे लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच मागा.