सशाचें पडसें

आमच्या नातवाच्या सशाच्या पिलाचें नाक गळूं लागलें, तेव्हां "पडसेंच तें, चार दिवसांत जाईल," असें आम्ही बोलून गेलों. नातवानें मात्र हट्टानें त्यास पशुवैद्याकडे नेलें, म्हणून तें वांचलें. ससा नाकानेंच श्वास घेतो; नाक चोंदलें कीं त्याचा जीव कासावीस होतो. पुढच्या पंजांची लव चिकट दिसल्यास त्यानें नाक पुसलें असें समजावें. मूत्राच्या उग्र दर्पानें विकार बळावतो; सबब अंथरलेलें गवत रोज बदलावें. घरांत उरलेलें पेनिसिलीनच्या जातीचें औषध तोंडावाटें कदापि देऊं नये. आंतड्यांतील उपकारक जंतू मरून ससा दगावूं शकतो. त्यानें खाणें सोडल्यास तर प्रहरभरही थांबूं नये. मुक्या जीवाच्या दुखण्यापुढें वडीलपणा मिरवूं नये, हें आम्ही साठीनंतर शिकलों.