शिधापत्रिका गावात, रुग्ण फडावर

दिवाळी सरली की नांदगाव तालुक्यातील कित्येक वाड्या-वस्त्यांवर कुलूप लावलेली घरे आणि म्हातारी माणसे तेवढी उरतात. पावसाच्या भरवशावरील शेतीत वर्ष निघत नाही; ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतात, मेंढपाळ कळप घेऊन चाऱ्यामागे जातात. पुढील पाच-सहा महिने ही कुटुंबे जेथे राहतात, तेथील कोणत्याही दप्तरी त्यांची नोंद नसते. अशा वेळी त्यांच्यापैकी कोणी आजारी पडले तर उपचारांचा हक्क नेमका कोठे बजावायचा?

कागदावर उत्तर सोपे आहे. 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2013 मध्ये राज्यभर लागू झाली आणि 2017 पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते. 1 जुलै 2024 पासून तिची कक्षा सर्व शिधापत्रिकाधारक व अधिवासी कुटुंबांपर्यंत वाढवण्यात आली असून कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपयांचे संरक्षण मिळते. नांदगावचा मजूर कोल्हापूरच्या फडावर असला तरी तेथील अंगीकृत रुग्णालयात तो पात्रच ठरतो.

परंतु पात्रता सिद्ध करायची ती शिधापत्रिका आणि आधारकार्ड दाखवून. शिधापत्रिका बहुधा गावी, धान्य उचलणाऱ्या म्हाताऱ्यांपाशी असते. सुनेचे नाव माहेरच्या पत्रिकेतून कमी झालेले, सासरच्या पत्रिकेत चढलेले नाही, हा प्रकारही नित्याचाच. भटक्या-विमुक्तांची स्थिती तर याहून बिकट. 2008 मध्ये अहवाल देणाऱ्या बाळकृष्ण रेणके आयोगाने या समाजांकडे साधे ओळखीचे कागदही नसल्याकडे लक्ष वेधले होते. दहा वर्षांनी आलेल्या भिकू इदाते आयोगालाही तेच सांगावे लागले.

हा पेच केवळ गरीब देशांचा आहे, असे समजण्याचे कारण नाही. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा नागरिकत्वावर नव्हे, तर देशातील नेहमीच्या वास्तव्यावर आधारलेली आहे. युरोपात स्थायिक झालेल्या ब्रिटिश निवृत्तिवेतनधारकाला 'एस-1' प्रमाणपत्राच्या आधारे तेथे उपचार मिळतात आणि खर्च ब्रिटन सोसते. मात्र घर विकून गाडीतच संसार थाटणारा, आज स्पेनमध्ये तर उद्या पोर्तुगालमध्ये असलेला भटका मायदेशाचाही रहिवासी उरत नाही आणि परदेशाचाही होत नाही. प्रवाशांसाठीचे आरोग्यपत्र तात्पुरत्या मुक्कामापुरते आणि तेही ब्रिटनमध्ये वास्तव्य असणाऱ्यांनाच. अर्थात, त्याचे भटकणे हौसेचे आणि खासगी विमा घेण्याची त्याची ऐपत असू शकते. नांदगावच्या कोयत्याला यापैकी काहीच लागू होत नाही.

राज्याची सीमा ओलांडली की आपल्याकडेही हाच प्रकार. गुजरात वा कर्नाटकातील कारखान्यांवर गेलेल्या टोळीला राज्याच्या योजनेचा उपयोग नाही. 2018 मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेचे कार्ड देशभर चालते, पण ते केंद्राच्या यादीतील लाभार्थ्यांनाच. शिधापत्रिकेवरील धान्य परराज्यात मिळण्याची सोय 2019 मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यातच प्रथम सुरू झाली होती, हे येथे आठवावे.

आणखी एक गोष्ट. या योजना मुख्यत्वे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहेत. अंगावर काढलेला ताप, गरोदरपणातील तपासणी, पोरांच्या लसी यांसाठी सरकारी दवाखानाच गाठावा लागतो. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतील उपचार 15 ऑगस्ट 2023 पासून निःशुल्क आहेत. पण दवाखान्यात जायचे म्हणजे कामावर खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून वळते होतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचे प्रकरण 2019 मध्ये गाजले, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा या खाड्याचीही चर्चा झाली होती. नंतर ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ कार्यरत झाले.

वास्तविक ही माणसे शोधावी लागत नाहीत. कोणती जोडी कोणत्या कारखान्यावर जाणार, हे उचल देतानाच मुकादमाच्या वहीत उतरते. गाड्या भरण्यापूर्वीच तालुक्यात शिबिरे घेऊन शिधापत्रिकेतील नावे दुरुस्त करणे, आयुष्मान कार्डे काढून देणे आणि गरोदर स्त्रियांची यादी कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राला कळवणे, एवढे काम महसूल, आरोग्य आणि समाजकल्याण या तीन खात्यांना मिळून करता येण्याजोगे आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. मुहूर्त मात्र दिवाळीपूर्वीचाच हवा.