वहीत नसलेल्या लेकी

मैत्रिणींनो, 'आमचं शेत पंचतारांकितमध्ये गेलं' असं सांगितलं की मुंबईच्या पाहुण्यांना हॉटेलच आठवतं! पण आमची पंचतारांकित म्हणजे कागल आणि हातकणंगले तालुक्यांतली एमआयडीसी. जिथं सासऱ्यांचं शेत होतं तिथं आता फाउंड्रीची शेड आहे. विहीर गेली, बांधावरचे आंबे गेले आणि हुरड्याला जमणारी भावकीही पांगली. कोणी इचलकरंजीला, कोणी पुण्याला, तर धाकट्या दिरांचा मुलगा थेट अमेरिकेत.

भावकीच्या मेळाव्याची कल्पना त्याचीच. त्याच्या शेजारचं कुटुंब मूळचं जर्मन. दर उन्हाळ्यात त्यांचं सगळं गणगोत एकत्र जमतं. पणजोबा जर्मनीतल्या कुठल्या गावाहून बोटीनं आले, हे ती माणसं जुन्या प्रवाशांच्या याद्यांतून धुंडाळतात म्हणे. "काकी, आपलं मूळ गाव कुठलं हो?" असं त्यानं फोनवर विचारलं नि मी गप्पच झाले.

सासूबाई म्हणाल्या, "याद्या कशाला? हेळव्याला सांगावा धाडा की!"

आमच्या सीमाभागात हेळवी ठाऊक नाहीत असं घर विरळा. बेळगावकडचे हे लोक पूर्वी सुगी झाली की बैल घेऊन दारी यायचे. घराण्याची वंशावळ वाचून दाखवायची, नवी नावं वहीत चढवायची आणि धान्य, कापड घेऊन पुढच्या गावाला जायचं, हा त्यांचा पिढीजात व्यवसाय.

मे महिन्यात साठेक माणसं जमली. मांडवात हेळव्यानं वही उघडली. मूळ पुरुष, त्याचे दोन मुलगे, त्यांचे पाच... अशा सात पिढ्या झाल्या. पोरंसुद्धा गप्प बसून ऐकत होती. वाचन संपलं, तशा निपाणीहून आलेल्या आक्का, म्हणजे सासऱ्यांच्या थोरल्या बहीण, वय 82, हळूच म्हणाल्या, "आणि मी रं कुठं हाय?"

"आक्का, लेकी सासरच्या वहीत असत्यात."

"तिथंबी न्हाई. तिथं माझी पोरं हाईत."

कोणी बोलेना. मला एकदम आठवलं, जमिनीचे पैसे आले तेव्हा आक्कांचं नाव एकदाच कागदावर आलं होतं. ते हक्कसोडपत्रावर!

चुलत सासरे चुळबुळले, "नाव चढवलं म्हंजे उद्या हिस्सा..."

"जमीनच ऱ्हायली न्हाई, हिस्सा कसला?" सासूबाई कडाडल्या. "लिवा हो तुमी!"

हेळव्यानं क्षणभर विचार केला आणि लिहिलं. मग काय, ज्याला त्याला आपल्या आत्या आठवू लागल्या. आजीच्या आईचं नाव मात्र कितीजणींना सांगता येईना!

तुम्हीही हे घरी करून बघा. जाड पुठ्ठ्याची वही घ्या. एका जोडप्याला एक पान द्या. दोघांची नावं, तिचं माहेरचं नाव नि गाव, आणि मुलं-मुली वयाच्या क्रमानं लिहा. सगळ्यात वयस्कर बाईकडे आधी जा. बाकीचं नंतरही मिळेल. जुने फेरफार, शाळेचे दाखले चाळा. नाशिक-त्र्यंबकेश्वरला कोणी गेलं असेल तर तीर्थोपाध्यायांच्या वहीतही नावं सापडतात. फोटोमागे नावं लिहिताना पेन्सिल वापरा, बॉलपेन पुढे उमटतं.

आणि एक लक्षात ठेवा. अशा वहीत नाव आलं म्हणून हिस्सा मिळत नाही, नि नाही आलं म्हणून जातही नाही. वडिलोपार्जित मालमत्तेत लेकीला लेकाइतकाच हक्क 2005 च्या कायदादुरुस्तीनं दिलेला आहे. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळाच्या नावात तर आपल्या राज्यात वडिलांच्या आधी आईचं नाव येतं. सरकारी कागद बदलले, मग घरच्या वहीनं का मागं राहावं?

निघताना आक्का म्हणाल्या, "त्या पानाचं झेराक्स धाड गं मला."

दुसऱ्याच दिवशी धाडलं. तुमच्या घरात अशी कोण आक्का आहे बरं?