सैल होण्यास सवड हवी

सकाळी आठच्या सुमारास चर्चगेटकडे जाणारी लोकल मीरा रोडच्या फलाटाला लागते, तेव्हा ती विरारपासून भाईंदरपर्यंतच्या माणसांनी आधीच ठासून भरलेली असते. आणि तरीही जे तीत शिरतात त्यांच्यापैकी एखाद्या गृहस्थाकडे दहिसर ते अंधेरी एवढ्या अवधीत बारकाईने पाहिले, तर मनुष्याला आपले शरीर एकाच वेळी किती ठिकाणी आवळून धरता येते, याचे प्रात्यक्षिकच घडते. उजवा हात वरच्या कडीला, त्यामुळे तो खांदा चढून कानाशी आलेला. पाठीवरची पिशवी पोटाशी धरावी लागल्याने कमरेला मागे बाक पडलेला. डाव्या हातात मोबाइल आणि मान त्याच्यावर झुकलेली. दोन्ही पावले टेकण्याइतकी जागा नसल्याने सारा भार एका टाचेवर. आणि या सर्व खटाटोपात त्याचे दात एकमेकांवर घट्ट मिटलेले आहेत, याची त्याला स्वतःला दादही नसते. रेल्वेने या गर्दीला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असे भारदस्त नाव देऊन ठेवले आहे, आणि त्याचा हिशेब एका चौरस मीटरमागे १४ ते १६ उभे प्रवासी असा सांगितला जातो. चर्चगेटपर्यंतचे अंतर सुमारे ४० किलोमीटर. जाताना तासाभराचे आणि येताना तासाभराचे हे आसन. भाईंदरपर्यंत उलटे जाऊन जागा पकडण्याची युक्ती ज्यांना साधते तेही फार सुखात असतात असे नव्हे, कारण तिघांच्या बाकावर चौथा म्हणून, म्हणजे ‘चौथ्या सीटवर’, बसणाऱ्याचे अर्धे अंग बाकावर आणि अर्धे अधांतरी असते. बायकांच्या डब्यात तर परतीच्या वेळी जिला बसायला मिळते तिच्या मांडीवर मेथीची जुडी निवडण्यासाठी आलेलीच असते.

मग रात्री दोन वाजता पोटरीत गोळा येतो, सकाळी उठावे तो मान धरलेली असते, आणि न्हाणीघरात बादली उचलण्यास वाकावे तर कमरेत अशी उसण भरते की माणूस तसाच वाकलेला राहतो. या प्रत्येक प्रसंगाची नोंद आपण अपघात म्हणून करतो, आणि कारणाच्या रकान्यात उशी, पंख्याचा वारा, नाहीतर सर्वसमावेशक असा ‘वात’ लिहून मोकळे होतो. आमचे म्हणणे असे की, यांतील बऱ्याचशा दुखण्यांचे मूळ आपल्या दिवसाच्या वहिवाटीत आहे, आणि तिची बाकी औषधाच्या दुकानात फिटत नाही. ती सवडीने फिटते. आणि सवड ही गोष्ट एकट्या दुखणाइताच्या हातातली नव्हे, म्हणून हा प्रश्न खासगी न मानता सार्वजनिक मानला पाहिजे.

स्नायूंच्या संबंधात एक गोष्ट सहसा कोणी ध्यानात घेत नाही, ती ही की आवळण्यास जशी शक्ती खर्चावी लागते तशीच सुटण्यासही लागते. मज्जातंतूंमार्फत हुकूम पोचला म्हणजे स्नायुतंतूच्या आत साठविलेले कॅल्शियम मोकळे होते, त्याच्या योगाने ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे धागे एकमेकांना धरून एकमेकांवरून सरकतात, आणि स्नायू आखूड होतो. हे सरकणे १९५४ मध्ये हक्सले याच आडनावाच्या, परंतु एकमेकांशी काही नाते नसलेल्या, दोन शास्त्रज्ञांनी आपापल्या सहकाऱ्यांसह स्वतंत्रपणे मांडले. परंतु धरलेले धागे सोडविण्यास आणि मोकळे झालेले कॅल्शियम पुन्हा जागच्या जागी भरण्यास एटीपी नामक इंधनाची गरज पडते, व ते संपले तर स्नायू सुटत नाही. मृत्यूनंतर काही तासांनी देह ताठ होतो, तो याच कारणाने. त्यात आणखी भर अशी की, सतत आवळून धरलेला स्नायू आपल्याच अंगातून जाणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना दाबून टाकतो, त्यामुळे नेमकी ज्या वेळी त्याला ताज्या रक्ताची निकड असते त्याच वेळी त्याचा पुरवठा आखडतो. चालणाऱ्याच्या पोटऱ्या आवळतात आणि सुटतात, म्हणून त्यांच्यात रक्त खेळते; कडीला धरून तासभर उभे राहणाऱ्याच्या खांद्याला हे सुख नाही.

याखेरीज, मणक्याला किंवा सांध्याला थोडी इजा झाली की भोवतालचे स्नायू तिच्या रक्षणासाठी आपण होऊन आवळतात, आणि पहाऱ्यावर उभा केलेला शिपाई बदली आल्यावाचून जसा जागा सोडत नाही, तसे ते मूळ इजा भरून आल्यावरही कित्येकदा सोडीत नाहीत. चिंतेचेही असेच आहे. घराच्या कर्जाचा हप्ता, वरिष्ठांची मर्जी, हजेरीवर पडणारी उशिराची खूण, यांपैकी कशाशीही दोन हात करता येत नसले, तरी शरीर मात्र झटापटीचीच तयारी करते, आणि ती तयारी मानेत, जबड्यात व पाठीच्या वरच्या भागात साचून राहते.

पोटरीतल्या गोळ्याची कथा थोडी निराळी आहे. रात्रीच्या पेटक्यांचे एकच एक कारण वैद्यकशास्त्राला अद्याप ठामपणे सांगता आलेले नाही. उपाय मात्र प्रत्येकाच्या पायाशीच आहे. गुडघा सरळ ठेवून पाऊल नडगीच्या दिशेने वर ओढले, किंवा उठून टाच जमिनीवर घट्ट टेकवली, की गोळा बहुधा एकदोन मिनिटांत उतरतो. यातील खुबी शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने उलगडली होती: समोरचा स्नायू काम करू लागला की पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू मागच्या स्नायूस आपोआप सैल होण्याचा आदेश देतो. १९३२ चे नोबेल पारितोषिक त्यांना मज्जापेशींवरील संशोधनासाठी मिळाले. आमच्या घरोघरच्या आज्या पायाचा अंगठा धरून वर ओढीत, त्यांना पारितोषिक कोणी दिले नाही.

पेटके आले म्हणजे मीठ कमी पडले, केळे खा, मॅग्नेशियमची गोळी घे, असे सांगणारे आप्त प्रत्येकाला असतात. कडक उन्हात घाम गाळून राबणाऱ्याला मीठपाण्याच्या तुटीने पेटके येतात हे खरे, आणि भट्टीपुढील कामगारांना मीठ घातलेले पाणी देण्याची पद्धत त्यावरूनच पडली. परंतु पंख्याखाली निजलेल्या वृद्धाच्या पेटक्यांवर मॅग्नेशियमचा उपयोग, जी परीक्षणे आजवर झाली त्यांत, फारसा दिसून आला नाही, आणि एके काळी सर्रास दिली जाणारी क्विनीनची गोळी तर तिच्या घातक दुष्परिणामांमुळे या कामी त्याज्य ठरली. मिठागरांच्या काठी वसलेल्या मीरा-भाईंदरसारख्या शहरात मिठाची टंचाई हे दुखण्याचे कारण म्हणून इतके लोकप्रिय व्हावे, ही मौज आहे.

उसण भरल्यावर पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेण्याचा प्रघात आपल्याकडे होता, आणि चाळीतून फ्लॅटमध्ये आलेल्या कुटुंबांत तो पुरता मोडलेला नाही. पायांकडून जन्मलेल्या इसमाच्या लाथेत गुण असतो, ही समजूत. आम्ही तिची टवाळी करणार नाही, कारण तिच्यामागे एक अस्सल निरीक्षण आहे: साधी उसण काही केले तरी आणि काही न केले तरी बहुधा काही दिवसांत ते काही आठवड्यांत उतरते, आणि ज्याने शेवटचा उपाय केला त्याच्या पदरात श्रेय पडते. हाच न्याय हाडवैद्याला, पट्ट्याला आणि महागड्या मशीनलाही लागू आहे. निर्गुडीच्या पाल्याचा शेक, कढत पाण्याची पिशवी, तेल लावून चोळणारा आपुलकीचा हात, यांची आम्ही बाजू घेऊ. ऊब आणि स्पर्श यांनी वेदनेची धार खरोखरच कमी होते. बामाचेही तसेच. १८९३ मध्ये मुंबईतच जन्मलेल्या अमृतांजनापासून आजच्या फवाऱ्यांपर्यंत बहुतेकांचे मुख्य कार्य त्वचेवर थंडाई किंवा जळजळ उत्पन्न करून खालच्या दुखण्यावरून लक्ष उठविणे हे आहे. त्याने रात्र सुखाने गेली तर बिघडले काही नाही. फक्त स्नायू सुटला असे समजू नये.

उलट जो उपाय वडीलधारी मंडळी अत्यंत अधिकारवाणीने सांगतात, तो मात्र आम्हांस अमान्य आहे. पाठ धरली की फळीवर निजून राहा, हालचाल करू नका! १९९५ मध्ये हेलसिंकीच्या नगरपालिकेतील कर्मचाऱ्यांची या प्रकरणी रीतसर तुलना करण्यात आली: पाठ धरलेल्यांपैकी काहींना दोन दिवस अंथरुणात ठेवले, काहींना पाठीचे व्यायाम दिले, आणि काहींना सोसेल तितके नित्याचे व्यवहार चालू ठेवण्यास सांगितले; लवकर बरी झाली ती ही शेवटची मंडळी. सैल होणे आणि निपचित पडून राहणे यांत अंतर आहे, आणि ते कळण्यासाठी हेलसिंकीपर्यंत जाण्याची खरे तर गरजही नव्हती.

कारण सैल होण्याचा अभ्यास आपल्या दारात अगोदरच झालेला होता. परळच्या केईएम रुग्णालयातील विख्यात हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकविले आणि त्याचा वृत्तांत १९६९ मध्ये ‘अँजिऑलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यांच्या सहकाऱ्यांत लोणावळ्याच्या कैवल्यधामाचे डॉ. विनेकर होते; स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये स्थापन केलेली ही संस्था योगक्रियांना प्रयोगशाळेच्या कसोटीवर घासून पाहण्याचा आग्रह आरंभापासून धरीत आली होती. रुग्णाने उताणे पडायचे, पाय थोडे अलग, हात अंगापासून दूर, डोळे मिटलेले. श्वास संथ, पोटापासून. आणि लक्ष नाकपुडीशी आत येणाऱ्या श्वासाच्या गारव्यावर व बाहेर जाणाऱ्या श्वासाच्या उबेवर. रोज अर्धा तास. पुष्कळांचा रक्तदाब उतरला, कित्येकांची औषधे कमी करता आली. आजच्या निकषांनी हा अभ्यास लहान ठरेल आणि त्यावरून कोणी रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंद करू नये, हे आम्ही बजावून सांगतो. परंतु त्यातील मुख्य गोष्ट आम्हांस निराळीच वाटते: हे रुग्ण शवासन शिकले. अंग सैल सोडता येणे ही उपजत गोष्ट नसून तिला उस्ताद लागतो आणि रियाज लागतो, हे एका मोठ्या इस्पितळाने मान्य केले. शिकागोच्या डॉ. एडमंड जेकबसन यांनी १९२९ च्या आपल्या ग्रंथात दुसऱ्या वाटेने हेच सांगितले होते. मूठ काही क्षण आवळा, मग सोडा, आणि आवळलेली मूठ व सुटलेली मूठ यांतला भेद जाणून घ्या; मग दंड, मग खांदे, मग जबडा. ही तालीम चौथ्या सीटवरही करता येते, आणि शेजाऱ्यास तिची तसदी होत नाही.

एवढे मात्र सोसत बसू नये: पाठदुखीबरोबर पायातली शक्ती गेली, जांघेत बधिरता आली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, एकच पोटरी सुजून गरम झाली, ठरावीक अंतर चालल्यावर पोटरी दुखू लागली आणि थांबल्यावर दुखणे ओसरले, किंवा खांदा, जबडा वा पाठ दुखताना दरदरून घाम सुटला. अशा वेळी बाम, शेक आणि हा लेख, तिन्ही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे.

आता सवडीचा मुद्दा. शवासनास काय लागते? साडेपाच फूट लांब, अडीच फूट रुंद, कोरडी आणि बऱ्यापैकी शांत जागा, व अर्धा तास. मीरा रोडमधील शांतीनगर किंवा नयानगरच्या एका खोलीत जेथे पाच माणसे राहतात, तेथे ही मागणी ऐषआरामाची ठरते. घराबाहेर पाहावे तर आपल्याकडील पालिकांच्या उद्यानांत आडवे होण्यास मनाई आणि दुपारी फाटकाला कुलूप, हाच शिरस्ता पुष्कळ ठिकाणी आढळतो. धावण्याच्या मार्गिका आहेत, लोखंडी यंत्रांची खुली व्यायामशाळा आहे, म्हणजे आवळण्याची तरतूद सर्वत्र आहे, सुटण्याची कोठेच नाही. आणि जी मुलगी दहा तास कपड्यांच्या किंवा मोबाइलच्या दुकानात उभी असते, तिने गिऱ्हाईक नसताना बसावे की नाही, हा मालकाच्या मर्जीचा प्रश्न होऊन बसला आहे. कारखान्यांत उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय करण्याचे बंधन १९४८ च्या कारखाना अधिनियमानेच घातले. दुकानातील स्त्रियांनी आंदोलन केल्यावर केरळने २०१८ मध्ये आणि त्यानंतर तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांसाठीही तशी तरतूद केली.

मीरा-भाईंदर महानगरपालिकेस आमचा अर्ज आहे तो असा: प्रत्येक मोठ्या उद्यानातील एक सावलीचा, गवताचा कोपरा दुपारी खुला ठेवावा, त्याचा निम्मा भाग स्त्रियांसाठी राखावा, आणि तेथे आडवे पडणाऱ्यास रखवालदाराने उठवू नये. आणि मीरा रोडच्या दुकानदारांस विनंती ही की, कायद्याची वाट न पाहता काउंटरमागे माणशी एक स्टूल ठेवावे, व गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्यावर बसलेल्या मुलीस उठवू नये.