पडद्यावरची बोली

'श्यामची आई' हा आचार्य अत्रे यांचा १९५३ सालचा चित्रपट मला फार आवडतो. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्यालाच मिळाले. कथा साने गुरुजींच्या पालगडची. हे गाव आपल्या शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात आहे. पण पडद्यावरची माणसे नाटकातल्यासारखी बोलतात. ती कोकणातली वाटत नाहीत. तरीही आईचे दुःख मनाला भिडते, कारण तिथे कोणी कोणाच्या बोलीची टिंगल करत नाही. उसना हेल काढून हसवणारे नट मात्र मला खोटे वाटतात. मुरूड-श्रीवर्धनकडच्या मुलांच्या मराठीत घरच्या बोलीचा हेल येतो. तो उसना नसतो. मग त्याची लाज कशाला? चुका जरूर सुधाराव्यात. हेल खुशाल राहू द्यावा.