बेस गिटारला दार का बंद?



फेस्ताला तीन आठवडे उरले आहेत आणि मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर सध्या दोनच विषय ऐकू येतात: मंडपाचा खर्च आणि बेस गिटार. मंडपाचे फायनान्स कमिटी बघेल. बेस गिटारबद्दल मात्र मला बोलायचे आहे, आणि आज जरा कडक बोलणार आहे. राग आला तर रविवारी समोर येऊन सांगा. पहिल्या मिस्सेनंतर मी धर्मशिक्षणाच्या वर्गात असतेच.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्या युवक गटातल्या पाच जणांनी फेस्ताच्या आदल्या शनिवारी संध्याकाळी हॉलमध्ये भक्तिगीतांचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम बसवला आहे. मराठी चार गाणी, कोंकणी दोन. कीबोर्ड, गिटार, ढोलक, एक गायिका आणि एक बेस गिटार. बेस वाजवणारा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. चार वर्षांपूर्वी दृढीकरणाच्या वर्गात तो माझ्यासमोर बसायचा. लोकांपुढे तो अजून एकदाही वाजवायला उभा राहिलेला नाही. वडिलांनी त्याला जुने वाद्य घेऊन दिले, आठ महिने त्याने घरी बसून बोटांना घट्टे पाडले, आणि आता निरोप आला आहे की बाकी सगळे चालेल, ते बेस तेवढे नको. का? तर ते क्लबातले वाद्य आहे, चर्चच्या आवारात शोभत नाही.

मी विचारते, हाच हॉल लग्नाला दिला जातो तेव्हा काय होते? माणसाएवढे उंच दोन स्पीकर लागतात, खिडक्यांची तावदाने थरथरतात, म्हाताऱ्या आंट्या कानात कापूस घालून जेवतात. छातीवर आदळतो तो हाच खालचा सूर. त्या वेळी आवाराची पवित्रता कोणाला आठवली? पैसे देऊन बाहेरून आणलेला दणदणाट चालतो, पण आपल्याच पोराने चार तारांवर स्तुतिगीताची साथ केली की तो क्लब होतो. याला मी भक्ती म्हणू शकत नाही.

आता वाद्याकडे बघू. बेस गिटार हे काही सैतानाच्या कारखान्यात तयार झालेले नाही. लिओ फेंडर नावाच्या कॅलिफोर्नियातल्या माणसाने १९५१ मध्ये ते बाजारात आणले. त्याआधी खालचे सूर वाजवायला माणसापेक्षा उंच डबल बेस लागत असे. तो वाहून नेणे कठीण, आणि पितळी वाद्यांच्या गर्दीत तो ऐकूही येत नसे. फेंडरने त्याला गिटारचा आकार दिला, दांड्यावर पडदे बसवले म्हणजे बोट नेमक्या सुरावर पडेल, आणि नावही ‘प्रिसिजन’ ठेवले. चार तारा, साध्या गिटारच्या खालच्या चार तारांचेच सूर, फक्त एक सप्तक खाली. काम तेच जुने.

आणि ते काम चर्चमध्ये शतकानुशतके चालू आहे. मोठ्या पाइप ऑर्गनसमोर बसलेल्या वादकाच्या पायांकडे कधी पाहिले आहे का? हात वर गाणे सांभाळतात, पाय खालच्या पट्ट्यांवर खर्ज धरतात. सोळा फुटी पाइपचा सर्वांत खालचा सूर साधारण ३३ हर्ट्झचा असतो, बेस गिटारची सर्वांत जाड तार साधारण ४१ हर्ट्झची. म्हणजे ज्या वाद्याला चर्च सर्वांत मानाचे मानते ते या मुलाच्या गिटारपेक्षाही खाली उतरते. खालच्या सुराने पाप लागत असते तर जगातली निम्मी कॅथेड्रल बंद करावी लागली असती!

‘आमची जुनी पेटी बरी’ असे एक अंकल मला म्हणाले. पेटीवर माझेही प्रेम आहे, लहानपणी भजने मी पेटीवरच शिकले. पण ती ‘आमची’ केव्हापासून? हार्मोनियम जन्मली पॅरिसमध्ये, १८४० च्या दशकात. मिशनऱ्यांनी ती इकडे आणली. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने परके वाद्य म्हणून तिच्यावर बंदी घातली आणि ती बंदी तीसेक वर्षे टिकली. त्याच काळात आपले आजी-आजोबा तिच्या साथीने देवाची स्तुती करत होते. रेडिओवाल्यांचे ऐकले असते तर आज अंकल कोणत्या वाद्याची बाजू घेत असते?

कागद दाखवणारेही आहेत, तेव्हा कागदही बघू. दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी चर्चसंगीताविषयी आदेश काढला, त्यात गोंगाटाची वाद्ये वर्ज्य केली. बरोबर. पण त्यात पियानोही वर्ज्य होता आणि ड्रमही. तो नियम शब्दशः लावला तर आपला कीबोर्ड संकटात आणि ढोलक थेट रस्त्यावर. साठ वर्षांनी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेवरचा दस्तऐवज दिला. त्याच्या १२० व्या परिच्छेदात ऑर्गनचा मान राखला आहे आणि इतर वाद्यांनाही वाट दिली आहे. अट एवढीच की ती पवित्र कामाला योग्य असावीत आणि अधिकाऱ्यांची संमती असावी. १९६७ च्या ‘मुझिकाम साक्राम’मध्ये, हे मी लपवणार नाही, असेही म्हटले आहे की जी वाद्ये सर्वांच्या मते केवळ लौकिक संगीताचीच आहेत ती उपासनेत नकोत. विरोध करणाऱ्यांचा हा सर्वांत बळकट मुद्दा आहे. पण दोन गोष्टी बघा. एक, हे नियम उपासनेचे आहेत, आणि शनिवारचा कार्यक्रम हॉलमध्ये आहे, मिस्सेत नाही. मिस्सेत बेस वाजावे की नाही हे फादर आणि बिशप ठरवतील, मी त्यासाठी भांडत नाही. दुसरी, त्याच दस्तऐवजाचे वाद्यांकडून मागणे असे की त्यांनी गाणाऱ्यांना आधार द्यावा, त्यांचे शब्द बुडवू नयेत. आधार देणे याशिवाय बेसला दुसरा धंदाच नाही. ते एकटे वाजवून बघा, दोन मिनिटांत कंटाळा येईल. काढून टाका, आणि गाणे पाय नसलेल्या टेबलासारखे वाटेल.

पवित्र शास्त्रातही खालच्या सुराला जागा आहे. १ इतिहास १५:२१ काढा. दावीद कराराचा कोश यरुशलेमात आणतो तेव्हा कोणी कोणती वाद्ये वाजवावी याची यादी आहे, आणि काही वीणांसाठी तिथे ‘शमीनीथ’ हा शब्द येतो. सहाव्या स्तोत्राच्या मथळ्यातही तो आहे. शब्दाचा अर्थ ‘आठवा’, आणि बरेच अभ्यासक त्यावरून खालच्या सप्तकातली साथ असा अर्थ लावतात. आमोसच्या पाचव्या अध्यायात देव गाण्यांना आणि वीणांना कंटाळतो खरा, पण का कंटाळतो ते पुढच्याच वचनात आहे. तिथे तक्रार न्यायाची आहे, वाद्याची नाही.

आपल्यापासून गोवा दूर नाही, म्हणून तिथलेही सांगते. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या पॅरिशच्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. त्या परंपरेतली माणसे पुढे मुंबईला गेली आणि हिंदी सिनेमाचे संगीत त्यांच्या खांद्यावर उभे राहिले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा ही नावे आता लोकांना कळली आहेत. राहुल देव बर्मन यांच्या ताफ्यात बेस वाजवणारे टोनी वाझही आपल्यातलेच. पडद्यावर या वादकांची नावे बहुधा येत नसत. तिकडे अमेरिकेतही तेच. मोटाउन कंपनीच्या कितीतरी गाजलेल्या गाण्यांचा बेस जेम्स जेमर्सनने वाजवला, पण त्याचे नाव अल्बमवर छापून यायला १९७१ साल उजाडावे लागले. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल शरीराच्या कमी दिसणाऱ्या अवयवांविषयी जे शिकवतो ते वर्गात समजावताना मला यापेक्षा चांगले उदाहरण मिळत नाही. आणि त्याच अवयवाला आपण हॉलबाहेर ठेवायला निघालो आहोत.

आता त्या मुलाचे काय होणार आहे ते ऐका, कारण बोलणाऱ्यांपैकी कोणीही त्याची प्रॅक्टिस बघायला आलेले नाही. मी दोनदा जाऊन बसले. पहिल्यांदा लोकांपुढे वाजवणे म्हणजे काय असते? घरी खुर्चीत बसून वाजवलेले वाद्य पट्ट्याने खांद्याला अडकवून उभे राहिले की हात वेगळ्याच ठिकाणी जातात. छाती धडधडते आणि गाणे नकळत पळायला लागते. बेस पळाला की ढोलक पळतो, ढोलक पळाला की गायिकेचा श्वास तुटतो. खर्जाची लाट आठ मीटर लांब असते, ती हॉलच्या कोपऱ्यात जाऊन साठते, त्यामुळे मागच्या भिंतीशी बसलेल्याला नुसती घरघर ऐकू येते आणि वाजवणाऱ्याला मात्र आपला सूर पुरेसा येत नाही असे वाटत राहते. मग तो आवाज वाढवतो. नवा वादक चुकतो तो बहुतेक इथेच. हे त्याला कोणी सांगायचे? दुसऱ्या प्रॅक्टिसला आम्ही अँप कोपऱ्यातून काढून भिंतीपासून पुढे आणला, तेवढ्याने अर्धी घरघर गेली. न वाजणाऱ्या तारा तळहाताने दाबून ठेवायच्या, कडव्यांच्या मध्ये थांबायचे, हे तो आता शिकला आहे. १ करिंथ १४ मध्ये पौलाने वाद्याला एकच परीक्षा लावली आहे: सूर स्पष्ट निघतो की नाही. तेवढी परीक्षा जरूर घ्या.

युवकांनो, तुम्हालाही सोडत नाही. धुराचे मशीन नको. काळे चष्मे नकोत. गाणे चालू असताना मोबाईलवर स्वतःचे चित्रण करायला मित्र उभे करू नका. आणि आवाजाच्या बाबतीत मी पूर्णपणे विरोधकांच्या बाजूची आहे: शब्द कळले नाहीत तर ते भक्तिगीत उरत नाही.

पण बाकीच्यांनी एक हिशेब करावा. तरुण चर्चपासून दूर चालले म्हणून आपण दर वर्षी सभा घेतो, बाहेरून वक्ते बोलावतो, चहा-बिस्किटे होतात. आणि एक तरुण स्वतःच्या पायांनी वाद्य घेऊन आत येतो तेव्हा त्याला विचारतो, हे कशाला आणलेस? शहरातल्या एका दुसऱ्या प्रार्थनागटाने त्याला आधीच बोलावले आहे. तिथे वाद्यावरून कोणी प्रश्न विचारलेला नाही. तो अजून ‘हो’ म्हणालेला नाही. त्याची आई रोज सकाळच्या मिस्सेला येते, तुम्ही तिला ओळखता. गेल्या आठवड्यात ती कोणाशी न बोलता निघून गेली तेही तुम्ही पाहिले असेल.

फादरांनी अजून निर्णय दिलेला नाही. येत्या गुरुवारी पॅरिश कौन्सिलची बैठक आहे. माझी मागणी लेखी दिली आहे: कार्यक्रम ठरल्याप्रमाणे पाच जणांचाच व्हावा, आवाजावर मर्यादा ठेवावी, आणि आक्षेप असलेल्यांनी आधी एक प्रॅक्टिस ऐकावी. प्रॅक्टिस मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला हॉलमध्ये आहे. मिक्सरजवळच्या खुर्चीवर मी असेन. पेटीवाल्या अंकलसाठी तिसऱ्या रांगेत डावीकडे, पंख्याखाली, जागा धरून ठेवते. आवाज जास्त वाटला तर त्यांनी हात वर करावा, लगेच कमी करू.